नाताळच्या ब्राउनीवरचं आयसिंग रात्रीत का पसरतं?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. ओळखीतून नाताळची ४० खोक्यांची ऑर्डर मिळाली आहे, एका खोक्यात ४ ब्राउनी. नमुना म्हणून त्यांनी एक टिन भाजला, तुकडे केले आणि वर पांढऱ्या, लाल, हिरव्या रॉयल आयसिंगने (पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्याचं, सुकून कडक होणारं) झाडं आणि चांदण्या काढल्या. रात्री सगळं देखणं होतं. झाकणाच्या डब्यात भरून झोपल्या. सकाळी डबा उघडला तर लाल रंग पांढऱ्यात उतरलेला, आयसिंग बोटाला चिकटतंय आणि कडेने पिवळट तेलकट डाग. त्यांनी विचारलंय, "आयसिंगमध्ये साखर वाढवू, की रंगाची कंपनी बदलू?"

ताई, दोन्ही नको. तुमचं आयसिंग बिघडलेलं नाही आणि रंगही बहुतेक ठीकच आहे. बिस्किटावर हेच आयसिंग काढलं असतंत तर आठवडाभर जसंच्या तसं राहिलं असतं. चूक आहे ती ओल्या गोष्टीवर कोरडी गोष्ट बसवून वर झाकण लावण्याची.

जरा सविस्तर सांगते, कारण हे एकदा कळलं की पुढचे अर्धे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल. मी वसईत राहते, खाडी-समुद्राच्या हवेत. माझ्याकडे असं झालं तर मी आधी हवेला दोष देईन. पण नाशिकची डिसेंबरची हवा कोरडी आणि गार. म्हणजे ते पाणी बाहेरून आलेलं नाही, ब्राउनीतूनच आलंय. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, अंड्यात तर ७५ टक्के. चांगली ब्राउनी आपण मुद्दाम थोडी कमी भाजतो, तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी आतच राहतं. वरची चकचकीत, भेगाळलेली पापडी मात्र भाजल्या भाजल्या कोरडी असते. म्हणून रात्री तुमचं आयसिंग छान बसलं. डबा बंद झाल्यावर आतला ओलावा हळूहळू वर आला, पापडी मऊ पडली आणि तो आयसिंगच्या साखरेने ओढून घेतला. साखर पाणी ओढतेच, आपल्या पावसाळ्यातल्या साखरेच्या बरणीला विचारा. लाल रंग सगळ्यात आधी पळतो, त्याच्या खालोखाल काळा. पिवळे डाग लोण्याचे. रॉयल आयसिंग सुकल्यावर खडूसारखं सच्छिद्र होतं आणि खालचा स्निग्धांश शोषून घेतं.

तुम्ही दोन गोष्टी लिहिलेल्या नाहीत: भाजल्यानंतर किती वेळाने सजावट केलीत, आणि डब्यात भरताना ब्राउनी आतून पूर्ण गार होती का. वरून गार लागते तेव्हाही मधला भाग तासभर कोमट असू शकतो. तशीच भरली असेल तर वाफ झाकणाला लागून थेंब खाली पडले असतील, आणि मग पसरलेल्या ठिकाणी गोल ठिपके दिसतात. ठिपके असतील तर निम्मा दोष घाईचा. सगळीकडे सारखंच ओलसर झालं असेल तर वर सांगितलेलं कारण.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ऑर्डरी घ्यायला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी अंधेरीच्या एका ऑफिसला ६० खोकी पाठवली होती. प्रत्येक ब्राउनीवर लाल टोपीचा छोटा सांता. रात्री दोनपर्यंत मी आणि माझी नणंद टोप्या काढत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो आला. सगळे सांता गुलाबी, आणि काहींच्या दाढीतून लाल ओघळ. त्या बाई भल्या होत्या, पैसे कापले नाहीत. पण पुढच्या वर्षी ऑर्डरही आली नाही. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: सजावट ब्राउनीवर करायची नाही. सजावट वेगळी करायची, वेगळी ठेवायची आणि शेवटच्या दिवशी वर बसवायची.

याचा दुसरा फायदा तुम्हाला तर फारच होणार आहे. १६० तुकडे आहेत. ब्राउनीवर काढताना हात हलला की तो तुकडा गेला. वेगळं काढताना हात हलला की खरवडून परत पातेल्यात. शिवाय हे काम आठवडाभर आधी, रोज रात्री अर्धा-अर्धा तास करून संपवता येतं.

वेगळं म्हणजे कशाचं करायचं? मी बहुतेक वेळा व्हाइट कंपाउंड, म्हणजे पांढऱ्या चॉकलेटसारखी लादी, वापरते. खाणारे लोक कंपाउंडला नाक मुरडतात आणि ते बरोबरच आहे. ब्राउनीच्या आत मी कधीच घालत नाही, तोंडात मेणासारखं राहतं. पण वरच्या तीन-चार ग्रॅमच्या झाडासाठी त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं, ते टेम्पर करावं लागतं: डार्क असेल तर ४५ अंशांपर्यंत वितळवा, २७-२८ वर आणा, परत ३१-३२ वर न्या, तेव्हा ते चकाकतं आणि कडक बसतं. कंपाउंडमध्ये त्या जागी वनस्पती तेल असतं, नुसतं वितळवून ओतलं तरी सेट होतं. १७५ झाडं काढायची असताना (तुटण्यासाठी पंधरा जास्तीची धराच) टेम्परिंगच्या नादाला लागू नका. अर्ध्या किलोच्या दोन लाद्या पुरून उरतील.

पद्धत अशी. कागदावर सव्वा इंचाचं झाड पेन्सिलीने रांगेत काढून घ्या, त्यावर ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) किंवा बटर पेपर ठेवा. कंपाउंड डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून, वितळवा; वरच्या भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. बटर पेपरचा कोन करून आधी बाह्यरेषा, मग आत नागमोडी भरत या. नाशिकच्या थंडीत कोनाचं टोक दर पाच मिनिटांनी गोठेल, तर शेजारी कोमट पाण्याची वाटी आणि कोरडं फडकं ठेवा. टोक बुडवा, लगेच पुसा. पुसायला विसरायचं नाही, कारण पाण्याचा एक थेंब चॉकलेटमध्ये गेला की ते दह्यासारखं फाटतं.

इथेच रंगाचा मुद्दा येतो. तुमच्याकडे आयसिंगचे जेल रंग असतील. ते पाण्यातले आहेत, चॉकलेटमध्ये घातले की तेच होणार, फाटणार. चॉकलेटसाठी तेलातले रंग वेगळे मिळतात किंवा कोरडी पावडर. हिरवा सोपा आहे. लालच्या वाटेला जाऊ नका. पांढऱ्या चॉकलेटमध्ये लाल घातला की आधी गुलाबीच होतो आणि गडद करायला इतका रंग लागतो की चव कडवट होते. मी झाड हिरवं किंवा पांढरं ठेवते आणि लाल म्हणून वर साखरेचे लाल मणी, ओलं असतानाच. बडीशेपेच्या रंगीत गोळ्याही चालतात. पहिल्यांदा केल्या तेव्हा घरचे हसले होते, पण झाडावरचे दिवे म्हणून त्या फार गोड दिसतात आणि चॉकलेटबरोबर लागतातही छान. टुटीफ्रुटी आणि पाकातली चेरी मात्र त्याच लाल रोगाची. वापरायचीच असेल तर धुऊन, पेपर टॉवेलवर रात्रभर सुकवून, आणि शेवटच्या दिवशीच.

दुसरा रस्ता आमच्या वसईचा. ब्राउनी काही नाताळचा जुना पदार्थ नव्हे. ती अमेरिकेची, शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ती पहिल्यांदा केली असं तिथले लोक सांगतात. आमच्या घरी नाताळ म्हणजे कलकल, दोदोल, पेरूची वडी आणि मिल्क क्रीम. हे मिल्क क्रीम म्हणजे दूध, साखर आणि काजूची पूड घट्ट गोळा होईपर्यंत आटवायची आणि रबरी साच्यात दाबून काढायची: पानं, फुलं, चांदण्या. एका डिसेंबरात माझ्याकडे साचाभर चांदण्या उरल्या होत्या, त्या सहज ब्राउनीवर ठेवल्या. तेव्हापासून ओळखीची गिऱ्हाइकं दुसरं काही मागतच नाहीत. ब्राउनीच्या कडवटपणावर ते दुधाळ गोड नेमकं बसतं. काजूचं मार्झिपॅनही (काजूपूड आणि साखरेचा मऊ गोळा) असंच, लाटून कटरने कापायचं. दोन्ही चोवीस तास उघडी सुकवली की वरून कोरडी होतात आणि ब्राउनीचा ओलावा सहज पचवतात, कारण त्यांचा पोत मुळातच मऊ आहे. थोडी ओल लागली तरी बिघडल्यासारखी दिसत नाहीत. पेरूची घट्ट वडी पातळ कापून तिच्या लाल चांदण्या केल्या तर तुमचा लाल रंगाचा प्रश्नच सुटला. क्रॉफर्ड मार्केटच्या बेकिंगच्या दुकानांत साचे मिळतात; तुम्हाला तेवढ्यासाठी मुंबईला यायची गरज नाही, सिलिकॉनचे कुठूनही मागवा.

पिठीसाखरेचा बर्फ तुम्ही विचारला नाहीत पण विचाराल, म्हणून सांगून टाकते. साधी आयसिंग शुगर ब्राउनीवर चाळली की दोन तासांत गायब होते. न विरघळणारी स्नो शुगर वेगळी मिळते, तिच्या कणांवर स्निग्ध पदार्थाचा लेप असतो. ती नसेल तर बारीक सुकं खोबरं. खोबऱ्याचा बर्फ बर्फासारखाच दिसतो आणि आपल्याकडे कुणाला खटकत नाही.

आणि रॉयल आयसिंगच हवं असेल, गिऱ्हाइकाने फोटो पाहून तेच मागितलं असेल, तर मध्ये भिंत घाला. ब्राउनीच्या तुकड्याला वरून वितळलेल्या चॉकलेटचा पातळ थर द्या, पूर्ण बसू द्या, मग आयसिंग. बरंच टिकतं. कधी कधी गुळगुळीत थरावरून पापुद्र्यासारखं सुटून येतं, तेवढी जोखीम राहते.

आता खुद्द ब्राउनी. तुम्ही म्हणालात की कधी केकसारखी होते, कधी मध्ये कच्ची. नाताळच्या खोक्यासाठी मी जी करते ती ८ इंची चौकोनी टिनची अशी: डार्क चॉकलेट २०० ग्रॅम (खरं, ५०-५५ टक्क्यांचं), बिनमिठाचं लोणी १५० ग्रॅम, साखर २२० ग्रॅम, ३ अंडी, मैदा ८० ग्रॅम, कोको २५ ग्रॅम, चिमूट मीठ, अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी, एक चमचा व्हॅनिला, ८० ग्रॅम अक्रोड. बेकिंग पावडर नाही. तुमच्या कृतीत ती एक चमचा आहे, केकसारखं होण्याचं मोठं कारण तेच.

वरची पापडी साखरेवर अवलंबून आहे. आपली घरची साखर जाड दाण्याची. ती अंड्यात नीट विरघळत नाही. मिक्सरमधून एकदा फिरवून घ्या, पण अगदी पीठ करू नका. अंडी आणि साखर बीटरने चार-पाच मिनिटं, फिकट आणि दाट होईपर्यंत. अंडी थंड असतील तर फुलत नाहीत, आणि तुमच्याकडे सकाळी ओट्यावरची अंडीही थंडच असणार; पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. त्यात कोमट चॉकलेट-लोणी, मग मैदा-कोको चाळून, आणि पांढरं दिसेनासं झालं की हात थांबवा. इथे जास्त घोटलं की पुन्हा केक.

भाजण्याबद्दल मात्र मी छातीठोक सांगू शकत नाही, कारण प्रत्येक ओटीजीचा (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनचा) स्वभाव निराळा. माझ्या जुन्या ओटीजीवर १८० लिहिलेलं असताना आत २०० असायचे. ओव्हन थर्मामीटर आणल्यावर कळलं, तोवर दोन वर्षं कडा करपवल्या. तो थर्मामीटर आणाच, या ऑर्डरीपुरताही त्याचा पैसा वसूल होईल. माझं प्रमाण म्हणजे खरे १६५ अंश, खालचा-वरचा दोन्ही रॉड, टिन खालच्या खाचेत, २८ ते ३२ मिनिटं. २५ व्या मिनिटापासून बघायला लागा. सळई मधोमध न घालता कड आणि मध्याच्या मध्यावर घाला. ओलसर चुरा चिकटून आला पाहिजे, ओलं मिश्रण नाही. मधला भाग किंचित थरथरत असला तर घाबरू नका, बाहेर काढल्यावरही टिनच्या उष्णतेने तो शिजत राहतो. सळई कोरडी येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

कोणी बिनअंड्याची मागितली असेल, आणि ४० खोक्यांत मागतीलच, तर याच कृतीतून अंडी काढून दही घालू नका. ती कन्डेन्स्ड मिल्कची वेगळी कृती करा. तिला पापडी येत नाही, तेव्हा वरून चॉकलेटचा पातळ थर देऊन मग झाड बसवायचं. एक गोष्ट फार जणी विसरतात: रॉयल आयसिंगची मेरिंग पावडर अंड्याच्या पांढऱ्याची असते. बिनअंड्याच्या खोक्यात ती चालणार नाही. दोन्ही प्रकारची खोकी वेगळ्या रंगाच्या रिबिनीने बांधा आणि वर स्पष्ट लिहा. या बाबतीत अंदाजाने काम करायचं नाही, लोकांच्या श्रद्धेचा आणि काहींच्या अ‍ॅलर्जीचा प्रश्न असतो.

कापणं. टिनमध्येच पूर्ण गार, मग क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून दोन तास फ्रीज. पट्टी घेऊन दोन-दोन इंचांवर खुणा करा, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून एक काप, पुन्हा पुसून दुसरा. कंटाळवाणं आहे, पण खोकं उघडल्यावर लोक सजावटीच्या आधी कडा बघतात. फ्रीजमधून काढल्यावर फिल्म लगेच सोडू नका. थंड ब्राउनीवर हवेतलं पाणी धरतं. ते फिल्मवर धरू दे, ब्राउनीवर नको. नाशिकपेक्षा हे मुंबई-कोकणातल्या बायकांनी जास्त लक्षात ठेवावं.

त्रिकोणी कापून झाडं करायचा मोह होईल. सुंदर दिसतात, पण दोन्ही टोकांचे अर्धे त्रिकोण उरतात आणि खोक्यात चौकोनासारखे घट्ट बसत नाहीत, प्रवासात टोकं मोडतात. घरच्या पार्टीला करा, ऑर्डरीला चौकोनच. उरलेला चुरा टाकू नका. त्यात थोडा कोको आणि रम किंवा संत्र्याचा रस घालून गोळे वळा, खोबऱ्यात घोळवा. माझे ते गोळे काही वर्षी ब्राउनीपेक्षा आधी संपतात.

आता हिशोब. एका टिनमधून १६ तुकडे, म्हणजे १० टिन. मध्यम ओटीजीत एका वेळी एकच टिन, भाजणं आणि पुन्हा तापवणं धरून चाळीस मिनिटं. म्हणजे साधारण सात तास. एका दिवसात कराल, पण करू नका. मी २१ आणि २२ ला पाच-पाच करते. आदल्या रात्री मैदा-कोको-मीठ दहा पिशव्यांत तोलून ठेवते, कारण ओली मिश्रणं करून वाट बघत ठेवता येत नाहीत, पापडी मरते. ब्राउनी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, त्यामुळे हा उशीर फायद्याचाच. तुमच्याकडे नोकरीमुळे हे दोन दिवस नसतील तर आठवडाभर आधी भाजून, अख्खा स्लॅब फिल्म आणि वर फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा; काढल्यावर गुंडाळलेलाच रात्रभर बाहेर. फरक ओळखू येत नाही. २३ ला कापायचं, २४ ला सकाळी वितळलेल्या डार्क चॉकलेटचा एक ठिपका लावून झाड चिकटवायचं आणि खोक्यात भरायचं.

खोकं पुठ्ठ्याचं घ्या, हवाबंद प्लास्टिक नको. झाकण आणि झाडाच्या मध्ये बोटभर जागा असू द्या. आणि खोक्यावर एक ओळ नक्की लिहा: "फ्रीजमध्ये ठेवू नये, तीन दिवसांत संपवावे." नाहीतर घरी नेऊन लोक पहिलं काम तेच करतात, आणि बाहेर काढल्यावर घाम सुटलेल्या झाडाचा फोटो तुम्हाला पाठवतात.